नामपूरच्या पुढचा काळा सुळका

यादीत आता हा एकच डोंगर उरला होता. बागलाणातले लहान, विझलेले ज्वालामुखी नोंदायचे आणि त्यांची वयं काढायची, हे नव्वदच्या दशकातलं माझं काम. याचा नमुना मिळाल्याशिवाय यादी छापता येणार नव्हती. सकाळच्या एसटीने नाशिक सोडलं.

नामपूरला कांद्याच्या ट्रॅक्टरांतून वाट काढली, शेवभाजी खाल्ली आणि चालायला लागले. शेतं संपली तिथे सुळका उभा होता. ज्वालामुखीच्या घशात थिजलेला रस तेवढा शिल्लक. भोवतालचा डोंगर कधीच झिजून गेलेला. पायथ्याशी होकायंत्र काढलं तर सुई सावकाश उलटी फिरली. वीज पडलेल्या काळ्या खडकाजवळ असं होतं, हे मी वर्गात शिकवते. तरी होकायंत्राचं झाकण मी पटकन मिटलं. पाखराचाही आवाज नव्हता.

खाली मुठीएवढ्या दगडांची लांबलचक ओळ होती. मधे एक जागा मोकळी.

"एकलीच वनी का व माय? मालक कोठे शे?" (एकटीच आलीस का? नवरा कुठे?) शेळ्यांमागून एक म्हातारी आली. गंगूआजी.

"घरी. त्यांना चढ झेपत नाही."

ती हसली. मग हातोडा बघून थांबली. "दगड कोना नाववर ली जाशी?" (कोणाच्या नावावर नेशील?)

गावाबाहेर कामाला जाणारा इथला एक दगड आपल्या नावाने नेतो आणि परतला की ओळीत ठेवतो; दगड हरवला तर माणूसही परतत नाही, असं तिने सांगितलं. मोकळ्या जागेकडे बोट केलं. "ती मना आंडोरनी जागा शे." (माझ्या मुलाची.)

"आजी, माझ्या दगडाचा यंत्रात चुरा होणार."

"चुरा बी चाली. पन लई ये." (पण घेऊन ये.)

"बरं. माझ्याच नावावर."

तिने माझं नाव विचारून घेतलं आणि खडकाकडे तोंड करून मोठ्याने उच्चारलं. मग मी घाव घातला.

नमुना प्रयोगशाळेला पाठवताना उरलेला चुरा परत मागितला. एसटीडीवर तिथला माणूस हसला. "मॅडम, चुऱ्याचं काय लोणचं घालणार?"

वय कळलं, यादी छापून झाली. चुऱ्याचं पाकीट मात्र बरंच उशिरा आलं. ते घेऊन मी नामपूरला गेले. आजीने चुरा ओळीच्या टोकाला ओतला, वर चपटा दगड ठेवला आणि शेळ्या वळवायला गेली. मधली जागा अजून मोकळीच होती.

पाकीट येईपर्यंत मी नाशिकबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. कॉलेजात परीक्षा होत्या, हे खरं. पण बाहेरगावच्या लग्नांची दोन बोलावणी मी परीक्षा संपल्यावरही नाकारली.