आईच्या नावाचा पतंग

माझी मावशी संग्रहालयाच्या कीटक विभागात नोकरीला होती आणि तिथे तिला सगळे हळूबाई म्हणत. खण उघडणाऱ्याला 'हळू', शेजारी येऊन शिंकणाऱ्याला 'हळू'. पंखा लावणाऱ्याकडे तर ती नुसतं असं बघायची, की माणूस बटणावरचा हात आपोआप काढून घ्यायचा. तिचं काम बारीक पतंगांचं. उडवायचे नव्हेत, दिव्याभोवती घिरट्या घालतात ते. त्यातलेही तांदळाच्या दाण्याएवढे, जे आपण बोटाने चिरडतो आणि बोट पुसून मोकळे होतो.

आम्हाला ते सगळे सारखेच मातकट दिसत. मावशी म्हणायची, "पंखांवर जाऊ नका, पंख फसवतात. प्रजाती कळते ती पोटाच्या टोकाला." त्या टोकाशी जोडीदाराला धरून ठेवणारे आकडे असतात आणि प्रत्येक प्रजातीचे निराळे. मावशी मेलेल्या पतंगाचं पोट काढून द्रावणात मऊ करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली उलगडायची. एवढ्याशा किड्याच्या संसारात इतकं नाक खुपसणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

एका पतंगाचे आकडे तिला त्याच्या घराण्याच्या कुठल्याच पुस्तकात सापडले नाहीत. पंख अगदी नेहमीच्या पतंगाचे, आकडे भलतेच. तो आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आईने पकडून दिलेला. मावशीने नवी प्रजाती म्हणून त्याचं वर्णन एका शास्त्रीय मासिकात छापलं आणि त्याला आपल्या धाकट्या बहिणीचं, म्हणजे माझ्या आईचं, नाव दिलं. आईने त्याचा मोठा फोटो चौकटीत बसवून बाहेरच्या खोलीत लावला. गॅसची टाकी घेऊन आलेला माणूससुद्धा तो बघितल्याशिवाय सुटत नसे. आईची शाळा अर्धवट राहिलेली. आयुष्यात मिरवण्यासारखं तिला हे एकच मिळालं होतं आणि ती ते पुरेपूर मिरवत होती. मला त्याचा वैताग यायचा, आणि तो मी लपवायचेही नाही.

मावशी निवृत्तीला आली. जाण्याआधी त्या मूळ नमुन्याचे नव्या कॅमेऱ्याने फोटो काढून ठेवायचे होते. पडद्यावर पतंग मोठा झाला तेव्हा कमरेपाशी, जिथून तिने पोट काढून घेतलं होतं, तिथे तिला डिंकाचा ठिपका दिसला. फोटो काढणाऱ्याला तो धुळीचा कण वाटला. मावशीने तो ओळखला. वाळलेल्या पतंगांची पोटं गळून पडतात, मग ती डिंकाने परत चिकटवतात. या कामातली ही रोजचीच गोष्ट. म्हणजे हे पोट तपासण्याआधीच एकदा गळलं होतं आणि तिनेच ते चिकटवलं होतं. खणात शेजारी टोचलेल्या पतंगाच्या कमरेलाही डिंक होता. तिने त्याचं पोट उलगडून पाहिलं. आकडे त्या नेहमीच्या पतंगाचे निघाले.

दोन पोटं एकदमच गळली होती आणि तिने ती अदलाबदल करून चिकटवली होती. शेजारचा पतंग निराळ्याच घराण्यातला, म्हणून त्याच्या आकड्यांशी ताडून बघायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. नवी प्रजाती वगैरे काही नव्हतीच. एकाच्या कमरेला दुसऱ्याचं पोट, एवढंच होतं.

गप्प बसली असती तर कोणाला कळलंही नसतं. तिने त्याच दुपारी मासिकाला चूक कळवली आणि मग मला फोन केला. "मला फार लाज वाटते गं. शिपायावर 'हळू, हळू' म्हणून ओरडायचे मी. आता त्याच्यासमोरून जाताना मान वर होत नाही." चूक छापून येणार याची तिला भीती नव्हती. भीती होती आईला सांगायची.

सांगायला म्हणून ती घरी आली आणि दुपारभर हवापाण्याच्या गप्पा मारत बसली. मी डोळ्यांनी खुणावत होते, ती नजर चुकवत होती. तेवढ्यात आईच्या मैत्रिणी आल्या. आईने सवयीने चौकटीकडे हात केला. "आणि आज नाव देणारीच घरात आहे बघा! सांग गं ताई, कसा शोधलास ते."

मावशी ताडकन उठली. "असा पतंगच नाहीये. माझी चूक झाली. मी भलतंच पोट चिकटवलं होतं."

एक मैत्रीण हसली. तिला ती थट्टा वाटली. आई चहा करते म्हणून आत गेली ती बाहेर आलीच नाही. शेवटी मीच चहा दिला आणि त्या बायकांनी तो घाईघाईने संपवून काढता पाय घेतला.

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "चुकलं माझं. तुला एकटीला आधी सांगायला हवं होतं."

"दुपारभर एकटीच तर होते," आई म्हणाली. "तुला चार बायका जमायला हव्या होत्या."

"तोंडच उघडत नव्हतं गं."

"बरं. आता माझं नाव काढून टाक तिथून."

"काढता येत नाही." मावशी खाली बघत होती. "एकदा छापलेलं नाव पुसत नाहीत. त्या नेहमीच्या पतंगाच्या खऱ्या नावाखाली ते राहतं. चुकीने दिलेलं नाव म्हणून."

"किती दिवस?"

"कायमचं."

आई ओट्याकडे तोंड करून कप विसळत राहिली. "आणि तू? तू सुटलीस?"

"नाही. नावाला लागूनच नाव देणाऱ्याचं आडनाव लिहितात. तुझं नाव जिथे जाईल तिथे माझंही."

"मग असू दे," आई म्हणाली. "तू सुटली असतीस ना, तर मेल्यावरही तुला माफ केलं नसतं."

मावशीला रडू फुटलं. आईने वळून पाहिलं नाही. नळ मात्र बंद केला.