राजा पाहिलेला माणूस

कोलकात्यात, बेहालाला आमच्या इमारतीवर एक म्हातारा नेपाळी दरवान होता. आता तिथे कॅमेरे आहेत. गेटची कडी लावण्याआधी तो ती फडक्याने पुसायचा, देवघरातली घंटा पुसावी तशी. त्याने नेपाळचा राजा पाहिलाय, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. तिकडे निवडणूक लागली की रजा टाकून दोन दिवसांचा प्रवास करायचा आणि हिंदू राष्ट्र हवं, गादीवर राजा हवा म्हणणाऱ्या पक्षाला मत देऊन यायचा. त्याच्या गावात तो पक्ष दर वेळी पडायचा.

मला राजेबिजे पटत नाहीत. एकदा वैतागून विचारलं, "राजाने तुम्हाला दिलं काय?"

"काही नाही, साब. कारभार निवडून आलेल्यांनीच करावा. राजा नुसता असावा."

मग टोपी सारखी करत म्हणाला, "लहानपणी तो जिल्ह्याला आला होता. बाबांनी मला खांद्यावर घेऊन दोन डोंगर ओलांडले."

"कसा होता दिसायला?"

तो कडी पुसत राहिला.

"गर्दीत दिसलाच नाही. परतताना बाबा म्हणाले, आईला सांग, पाहिला म्हणून. तेव्हापासून तेच सांगतोय."