गाय-वासराच्या मागचा गायक: जऊळका ते आसेगाव

अकोल्याहून जऊळक्याला जायला सकाळची पॅसेंजर सोयीची पडते. हे आधीच सांगते, कारण बऱ्याच प्रवासवर्णनांत सूर्योदय चार परिच्छेद चालतो आणि गाडी कुठून सुटते ते शेवटपर्यंत कळत नाही. वेळ आदल्या दिवशी तपासून घ्या, ती बदलते. पाणी घरून न्या.

जाणाऱ्या आम्ही दोघी. मी, निवृत्त मुख्याध्यापिका, आणि माझ्या मोठ्या नणंद इंदूताई, वय शहात्तर. जाण्याचं कारण एक कॅसेट. खंजिरी भजनांची ही कॅसेट इंदूताई तेहतीस वर्षं रोज पहाटे ऐकत आल्या आहेत. टेपरेकॉर्डर तीन वेळा बदलला, कॅसेट तीच. शेवटी फीत इतकी झिजली की बुवा गाताहेत की गुळण्या करताहेत ते कळेना. तेव्हा माझ्या मुलीनं त्यातलं जमेल तेवढं मोबाईलवर उतरवून दिलं.

उतरवताना तिनं मला एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत एक काळे गायक होऊन गेले. तिकडचं गावाकडचं संगीत, जे गोऱ्या शेतकऱ्यांचंच म्हणून समजलं जाई, ते हे गात. आवाज लोकांना फार आवडला, पण सुरुवातीच्या तबकड्या कंपनीनं त्यांचा फोटो न देताच बाजारात पाठवल्या. पुढे ते स्टेजवर आले की टाळ्या मध्येच थांबत. मुलगी म्हणाली, आई, या कॅसेटवर तरी फोटो कुठे आहे?

मी चष्मा लावून पाहिलं. त्या काळी भजनाच्या कॅसेटवर बुवा असायचेच: कपाळभर गंध, गळ्यात माळा, डोळे अर्धे मिटलेले. इथे होती एक गाय आणि तिचं वासरू. नाव छापलं होतं ‘सु. जऊळकेकर’. हे सु. म्हणजे सुधाकर, असं इंदूताईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी माझी जुनी विद्यार्थिनी वंदना हिला फोन केला. ती जऊळक्यातच शिक्षिका आहे. ती म्हणाली, मॅडम, ते सुलेमानभाई, आमच्या घरच्या गाद्या तेच भरतात. परवा आसेगावच्या भजन स्पर्धेत त्यांचा सत्कार आहे, तुम्ही याच.

इंदूताईंना मी फक्त एवढंच सांगितलं की बुवांना भेटायला जायचं आहे. बाकी काही सांगितलं नाही. परीक्षेआधी पेपर फोडायचा नाही, ही माझी नोकरीतली शिस्त. इंदूताई कडक सोवळ्यातल्या. माझ्याकडेसुद्धा चहा घेताना आधी कप विसळून मागतात.

गाडीत उकडलेल्या तुरीच्या शेंगा विकायला येतात, जरूर घ्या. इंदूताईंनी त्या खाल्ल्या नाहीत, पण शेजारच्या बाईंना, पलीकडच्या दोन दूधवाल्यांना आणि तिकीट तपासनिसाला आपण सुधाकरबुवांच्या पायावर डोकं ठेवायला चाललो आहोत हे तपशीलवार सांगितलं. पिशवीत शाल, नारळ आणि तुळशीची माळ होती. मी खिडकीबाहेर हरभरा पाहत बसले.

वंदना स्टेशनवर आली होती. दुकान पायी दहा मिनिटांवर आहे. पत्र्याची शेड, आत कापसाचा ढीग, पिंजायचं यंत्र, आणि केसांपासून भुवयांपर्यंत कापूस माखलेला एक उंच म्हातारा. इंदूताईंनी त्याला विचारलं, बुवा घरात आहेत का? तो म्हणाला, बसा ताई. इंदूताई म्हणाल्या, बसते, पण आधी बुवांना निरोप दे, अकोल्याहून आलोय.

सुलेमानभाईंनी यंत्र बंद केलं. माझ्याकडे पाहिलं, वंदनाकडे पाहिलं, आणि काय चाललं आहे ते त्यांना कळलं असावं, कारण ते हसले. मग शेजारची अर्धवट शिवलेली गादी ओढून, सफाईनं टाका घालत त्यांनी कॅसेटमधल्या पहिल्या भजनाचा सूर धरला.

मी इंदूताईंकडे पाहत होते. त्यांनी आधी मोबाईल बंद आहे ना ते पाहिलं. मग दारावरचं ‘सुलेमान’ हे नाव वाचलं. मग खाली बसल्या. गाणं संपलं.

“चौथ्या भजनात,” इंदूताई म्हणाल्या, “दुसऱ्या कडव्याला तुम्ही भलत्याच ठिकाणी श्वास घेता. तेहतीस वर्षं मला ते खुपतंय.”

“बरोबर हाय ताई,” सुलेमानभाई म्हणाले. “रेकॉर्डिंगवाल्यानं आवाज येते म्हणून पंखा बंद केला होता. मले चक्कर येऊन राह्यली होती.”

मला वाटलं, झालं, पेपर सोपा गेला. तेवढ्यात त्यांच्या पत्नी जुलेखाबी चहा घेऊन आल्या. इंदूताईंनी हात जोडले आणि आज निर्जळी उपवास आहे म्हणाल्या. त्या दिवशी कोणताही उपवास नव्हता. जुलेखाबींनी कप झाकून ठेवला. सुलेमानभाईंनीही विषय बदलला, इतक्या सहज की ही सवय त्यांना किती जुनी आहे ते कळलं.

मग त्यांनी आपली हकीगत सांगितली. त्यांचे वडील धनुकली सायकलला बांधून गावोगाव कापूस पिंजत हिंडायचे. पोरगा सोबत. दिवसा लोकांच्या ओसरीवर गाद्या भरायच्या, संध्याकाळी तिथंच भजनी मंडळ बसे, तेव्हा कोपऱ्यात ऐकायचं. पंधराव्या वर्षी एका मंडळाच्या मुख्य गायकाचा घसा बसला आणि स्पर्धा तोंडावर आली. मंडळवाल्यांनी याला पेटीवाल्याच्या मागे बसवून गायला लावलं. टाळ्या पडल्या. परीक्षक म्हणाले, गाणाऱ्यानं उभं राहावं. हे उभे राहिले, आणि टाळ्या नळ बंद केल्यासारख्या थांबल्या.

“मंग काय केलं?” वंदनानं विचारलं. तिला पाठ असावं, पण तिला ते पुन्हा ऐकायचं होतं.

“म्या म्हनलं, भाऊ हो, मी गाद्या भरतो. गानं आवडलं नसन तं नसो, झोप तं चांगली लागन. लोकं हासले. एकदा मानूस हासला का मंग त्याले ऐकाच लागते.”

पुढची पन्नास वर्षं ते गाण्याआधी हेच वाक्य बोलत आले. त्यांच्या स्वतःच्या समाजातल्या बुजुर्गांनीही त्यांना कायले गातं म्हणून विचारलं. ते म्हणतात, शिव्या दोन्हीकडून आल्या, पण वजन सारखंच होतं, कोनाची तक्रार नाई. कॅसेटवाल्या शेठला आवाज पसंत पडला, चेहरा नाही. फोटो टाकला तर माल उठणार नाही, असं त्यानं तोंडावर सांगितलं आणि गाय टाकली. कॅसेट जिल्हाभर वाजली. ज्यांनी त्यांना स्टेजवर पाहिलं नव्हतं असे लोक त्यांच्यासमोरच, ह्या बुवाले एकदा पाहा लागते, असं म्हणत आणि ते त्याच लोकांच्या गाद्या शिवत.

म्हणून या सत्काराचं त्यांना अप्रूप होतं. त्यांनी वाशीमच्या स्टुडिओत जाऊन नवं जाकीट घालून फोटो काढला होता आणि आसेगावच्या अध्यक्षांच्या हातात स्वतः नेऊन दिला होता. गावाच्या वेशीवर मोठा फ्लेक्स लागणार होता, त्यावर पहिल्यांदा चेहरा आणि पूर्ण नाव येणार होतं. जुलेखाबी म्हणाल्या, हे आठ दिवसांपासून आरशासमोर बसतात, निकाहाच्या वेळी इतकं बसले नव्हते. सुलेमानभाई लाजले. “एकदा पाह्याचं हाय मले,” ते म्हणाले. “बस, एकदा.”

मुक्काम वाशीमला केला. बसस्थानकाजवळ साधे लॉज आहेत. खोली घेण्याआधी गरम पाण्याचा नळ स्वतः सोडून पाहा, “येते मॅडम” यावर विश्वास ठेवू नका. बालाजीचं दर्शन जरूर घ्या. इंदूताईंनीही ते घेतलं. शाल, नारळ, माळ, सगळं पिशवीतच होतं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं मंगरुळपीर. बायकांना तिकीट अर्धं, पंच्याहत्तरीपुढे फुकट. एरवी आपलं वय सत्तर सांगणाऱ्या इंदूताईंनी कंडक्टरनं विचारण्याआधीच शहात्तर सांगितलं आणि आधारकार्डही दाखवलं. मंगरुळपीरहून आसेगावला ऑटो मिळतात. सीट भरल्याशिवाय हलत नाहीत, आणि सीट भरली म्हणजे काय याची तिथली व्याख्या उदार आहे.

वेशीवर फ्लेक्स होता. चांगला दहा फुटी. मी मोजले, त्यावर बावीस चेहरे होते: अध्यक्ष, उपाध्यक्ष, त्यांचे मार्गदर्शक, मार्गदर्शकांचे चिरंजीव, दोन शुभेच्छुक काळ्या चष्म्यात. मधोमध, सगळ्यांत मोठी, कॅसेटवरची गाय आणि वासरू. खाली ‘भजनसम्राट सु. जऊळकेकर यांचा भव्य सत्कार’.

सुलेमानभाई आणि जुलेखाबी आधीच पोचले होते. जाकीट घालून ते फ्लेक्ससमोर उभे होते. त्यांनी डावीकडून उजवीकडे सगळे चेहरे पाहिले, मग पुन्हा उजवीकडून डावीकडे. चूक आपल्याच नजरेची असेल, असं वाटावं तसे.

अध्यक्ष धावत आले. वाईट माणूस नव्हता, उलट आपण फार विचारानं काम केलं या आनंदात होता. “काका, फोटो होता ना तुमचा, जपून ठेवला हाय,” तो म्हणाला. “पन तुमचा चेहरा कोन ओळखते? लोकं गायीले ओळखतात. गाय पाह्यली म्हनून तं सात गावचे लोकं आले.”

हे खरं होतं, हीच अडचण होती. सुलेमानभाई मंडपामागच्या कडुलिंबाखाली जाऊन बसले आणि जाकिटाची बटणं सोडली.

“आज मी नाई गात,” ते म्हणाले. “गायीलेच गाऊ द्या.”

आता मी कामाला लागले. तीस वर्षं मी ज्या आवाजात शाळा चालवली त्या आवाजात अध्यक्षांना बोलावलं, समोर उभं केलं आणि चूक समजावून सांगितली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मॅडम, मी तुमच्या शाळेत नव्हतो. नवा फ्लेक्स मंगरुळपीरहून यायला संध्याकाळ झाली असती. मग एकानं स्टुडिओतला फोटो आणून फ्लेक्सवर चिकटवून पाहिला. तो पासपोर्ट साईजचा. दहा फुटांवर तो पोस्टाच्या तिकिटासारखा दिसला, तोही गायीच्या कानावर. जुलेखाबींनी तो स्वतः काढून घेतला आणि पदराला पुसला.

तोवर तो फ्लेक्स वेशीवरून काढून स्टेजच्या मागे बांधला होता, सत्काराची वेळ झाली होती म्हणून. स्पर्धा सुरू व्हायची होती. आणि मी वळून पाहते तर इंदूताई स्टेजवर. दोघांनी ओढून आणि एकानं मागून लोटून त्यांना वर चढवलं होतं. त्यांनी माईक हातात घेतला. घरी फोनवरही ओरडून बोलणारी बाई हळू बोलली.

“मी तेहतीस वर्षं सुलेमानभाईंचं गाणं ऐकते,” त्या म्हणाल्या. “काल त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं चहा दिला, तर उपवास आहे म्हणून खोटं बोलले. म्हणजे तुम्हाला काही सांगायचा मला हक्क नाही. पण हे मागचं कापड खाली उतरवा. गाणारा माणूस गावात असताना त्याचं चित्र कशाला लागतं?”

गाय काढायला कोणाची हरकत नव्हती. पण गायीबरोबर बावीस चेहरे जाणार होते. त्यांतले निम्मे समोर खुर्च्यांवरच होते. मंडपात कुजबुज झाली. अध्यक्षांनी हात जोडून सांगितलं, आजी, खाली या, मग पाहू.

“माझे गुडघे चढतानाच संपले,” इंदूताई म्हणाल्या. “कापड उतरेपर्यंत मला उतरता येणार नाही.”

आणि त्या स्टेजच्या मधोमध मांडी घालून बसल्या. शहात्तर वर्षांच्या म्हातारीला उचलून खाली ठेवण्याची हिंमत सात गावांत कोणाची झाली नाही. पाच मिनिटांनी बायकांच्या बाजूनं कोणीतरी म्हणालं, सोडा ना बापा दोऱ्या, स्वयंपाक थंडा होऊन राह्यला. दोऱ्या सुटल्या. मागे नुसतं सोयाबीनचं रिकामं वावर दिसू लागलं.

जुलेखाबींनी नवऱ्याच्या जाकिटाची बटणं लावली. अध्यक्षांनी माईकवर पूर्ण नाव घेतलं, सुलेमानभाई जऊळकेकर, आणि ते वर आले. मी वाट पाहत होते गादीच्या वाक्याची. त्यांनी ते म्हटलं नाही. इंदूताईंना हात देऊन खाली उतरवलं, खंजिरी घेतली आणि सरळ गायला सुरुवात केली. लोक हसले नव्हते, तरी ऐकत होते. त्या दिवशी आसेगावच्या स्टेजवर एकच चेहरा होता, आणि तो घामानं चमकत होता.

नंतर रोडगे आणि वांग्याची भाजी होती. भाजी तिखट असते, हे लक्षात ठेवा आणि ताक आधी मागून घ्या. इंदूताई जुलेखाबींच्या शेजारी पंगतीत बसल्या आणि रोडग्यावर तूप कमी पडलं म्हणून वाढणाऱ्याशी भांडल्या.

परतीच्या गाडीत मात्र माझी पाळी आली. “तुला ठाऊक होतं ना, मास्तरीणबाई?” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, होतं. “मग सांगितलं का नाहीस? ते दोघं काय तुझा परीक्षा हॉल होते? माझी परीक्षा घ्यायला त्यांचा चहा वापरलास.” इतक्या वर्षांत मी पुष्कळ लोकांना निरुत्तर केलं आहे. त्यामुळे ते कसं वाटतं याची मला कल्पना नव्हती. कप नाकारला इंदूताईंनी, पण तो त्यांच्यासमोर ठेवायची व्यवस्था माझी होती, आणि वरून मी बाजूला बसून गुण देत होते.

घरी येऊन आता पंधरा दिवस झाले. खर्च फार झाला नाही, रस्ते बरे आहेत, थंडीत जावं. हे वाचकांसाठी. इंदूताईंनी काल आपली जुनी गादी गुंडाळली, दोरीनं बांधली आणि जऊळक्याला निघाल्या, भरून आणायला. अकोल्यात गाद्या भरून मिळतात, हे मी बोलून दाखवलं नाही. मी पिशवी उचलून सोबत निघाले तर म्हणाल्या, तू नको.

स्टेशनपर्यंत मात्र येऊ दिलं. गादी हमालानं चढवली, त्या चढल्या, खिडकीशी बसल्या आणि शेजारणीशी बोलायला लागल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. आमच्या शाळेच्या फाटकावर मीच एक पाटी लावली होती: पालकांनी येथूनच परत जावे. गाडी हलली, आणि मी परत आले.