धनगराच्या कळपातलं पिल्लू

थोराड जातीचं पिल्लू घरी आणण्यापूर्वी काय पाहावं, हे दुसऱ्यांना सांगण्याइतका मी मोठा नाही. पण या बाबतीत मी पुरता चुकलो आहे आणि ती चूक मला नीट समजली आहे, म्हणून लिहितो.

आमचं गाव चिंचवड स्टेशनपासून पायी अर्ध्या तासावर. घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. सकाळच्या गाडीने पुण्याला जायचं, दिवेलागणीला परतायचं. वडील नुकतेच पिंपरीला कारखान्यात लागले होते. दिवसभर घरी आई एकटी, एक म्हैस आणि आठ कोंबड्या.

दिवाळीनंतर कोकणाकडे जाणारा एक धनगर दरवर्षी आमच्या रानात मेंढरं बसवायचा. रानाला खत मिळे, त्याला धान्य. त्या वर्षी त्याच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. त्यातलं एक तांबूस, जाड पंजांचं पिल्लू माझ्या पायजम्याला लोंबकळलं आणि मी ते मागितलं.

"पिल्लाकडं काय बघतूस? त्याच्या आईकडं बघ," धनगर म्हणाला. कुत्री उंचीने माझ्या मांडीला लागत होती. "एवढं व्हनार ते. दिसभर पळनारी जात हाय. तुझ्या घरी कोन हाय त्याच्यासंगं पळाया?"

"मी आहे की, मामा."

खोटं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीचे दहा दिवस उरले होते आणि मी सगळा विचार त्या दहा दिवसांवरूनच केला. रोज आम्ही नदीपर्यंत पळत जायचो. मग कॉलेज उघडलं.

संक्रांतीपर्यंत ते गुडघ्याच्या वर गेलं. कोंबड्यांना कोपऱ्यात गोळा करायचं आणि समोर बसून राहायचं. एखादी हलली की पुन्हा आत. बांधलं तर दावं चावून तोडायचं. सोडलं की गल्लीतली पोरं आणि शेजारची करडं वळवून आमच्या दारात आणायचं.

"काय वं, साळा काढली का तुमी?" शेजारीण आईला विचारायची. आई हसून घ्यायची. पण एकदा ती पाणी घेऊन येताना त्याने आनंदाने उडी घेतली. आई घागरीसकट पडली, मनगट सुजलं.

"धनगर माघारी यील तवर ठरव," वडील म्हणाले. "न्हाईतर मी त्याला लांब सोडून यीन."

मे महिन्यात पुन्हा सुट्टी लागली. आम्ही पुन्हा पळू लागलो. कुत्रा शांत झाला, कोंबड्या अंगणभर फिरू लागल्या, वडीलही काही बोलेनात. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात मेंढरं परत आली.

त्या संध्याकाळी मी आईला विचारलं, "ठेवायचा का गं त्याला?"

"आता इचारतूस व्हय?" ती भाकरी थापत म्हणाली. "आनलास तवा न्हाई इचारलंस."

मी चुलीत लाकूड पुढे सारलं.

"मला सवय झाली रं त्याची. पर तू गाडीला गेलास की ते येशीपतुर जातं आन तुझी वाट बघत बसतं. कटाळलं की मग कोंबड्यांच्या मागं. आता तूच बघ."

दुसऱ्या दिवशी मी त्याला रानात नेलं. धनगराने त्याचे पाय चाचपले, बरगड्यांवरून हात फिरवला.

"चांगलं पोसलंया की. मग देतूस कशाला?"

"जूनमध्ये कॉलेज आहे."

"ते तवाबी व्हतंच की! एवढं शिकतूस, आन दिस कुठं जातो ते न्हाई कळलं व्हय?"

मला राग आला नाही. दिवाळीत त्याने विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर मी सहा महिन्यांनी देत होतो.

पहाटे कळप चाकणच्या दिशेने निघाला. मी मोशीपर्यंत सोबत गेलो. एक मेंढी बांधावर चढली, तसा कुत्रा धनगराने हाळी देण्याआधीच धावला आणि तिला वळवून आत घेऊन आला. मी तिथेच थांबलो. त्याला हाक मारावीशी वाटली, पण तो कामात होता.