नव्या वाडीची वेस

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. अक्काच्या दहाव्याला घाटावर कावळा शिवायला फार वेळ लागला, तेव्हा चुलते मला म्हणाले, "तिचं काय राहिलंय मनात, बोल की बाबा." मी घराकडे लक्ष ठेवीन, तिची झाडं जगवीन, असं काहीबाही बोललो. काय राहिलं असेल ते मला ठाऊक होतं. पण ते तिथं, इतक्या माणसांत, कसं बोलायचं — एका खेळातल्या राज्याबद्दल? कावळा शेवटी शिवला. त्याला भूक लागली असेल.

अक्का माझी थोरली बहीण. शिवाजी पेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. लग्न तिनंही केलं नाही, मीही नाही. तीस वर्षं ती रेल्वेनं हातकणंगल्याला जात होती, एका कचेरीत आवक-जावक सांभाळायला. दुसऱ्यांनी काढलेल्या हुकमांवर क्रमांक घालायचा, एवढंच काम. निवृत्त झाली तेव्हा चुलतभावाच्या मुलीनं तिला आपला जुना लॅपटॉप दिला आणि त्यात एक खेळ घालून दिला. जुन्या काळातला — नदीकाठची मोकळी जमीन, पाच कुटुंबं, एक बैलगाडी. तिथून आपलं राज्य उभं करायचं.

तिनं राज्याचं नाव ठेवलं नवी वाडी. राज्याला असलं नाव असतं का, असं मी विचारलं.

"राज्य म्हंजे काय आभाळातनं पडतंय? आधी वाडीच असती."

सगळे म्हणे आधी किल्ला बांधतात. अक्कानं विहीर खणली, मग धान्याचं कोठार, मग गुरांचा गोठा. मी तटबंदी सुचवली तर म्हणाली, "भिंत खायला घालणार हायस व्हय लोकांस्नी?" दोन हिवाळे गेले, वाडीत कोणी उपाशी मेलं नाही. मग एकदा लुटारू आले आणि तीन लाकूडतोडे गेले. दोन दिवस ती नीट जेवली नाही. त्यानंतर तिनं तट बांधला, वेस बसवली, आणि एकच नियम केला — घंटा झाली की आधी माणसं आत, मग वेस लावायची. माणसांची परकी नावं तिनं केव्हाच बदलली होती. कचेरीतला शिपाई होता, स्टेशनवरची चहावाली होती. आमची आईही होती, बार्लीच्या शेतात.

पुढं साखरेनं तिचे डोळे नेले. वर्षभरात काही दिसेना. मग मी तिचे डोळे झालो — असं लोकांना सांगताना बरं वाटायचं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. चारला घरी यायचो, चहा करायचो, लॅपटॉप उघडायचो. ती कॉटवरून विचारायची, "बाळ्या, काय म्हणतीया वाडी?" मी पडद्यावरचं सांगायचो, ती हुकूम द्यायची, मी बटण दाबायचो. एकेका माणसाची चौकशी. चहावालीचं खोपटं शाकारलं का? आई शेतात हाय का घरात?

सुरुवातीला मजा यायची. मग — कसं सांगू — कंटाळा आला. पिशवीत ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक असायचं, खूण घातलेलं. दिवसातला तेवढाच वेळ माझा होता... नाही. ही सबब झाली. सबब सांगायला मी बसलेलो नाही.

त्या दिवशी पेठेच्या संघाची मॅच होती. खिडकीतून नुसता कल्ला येत होता, फटाके वाजत होते. पडद्यावर उत्तरेकडून लुटारू आले. घंटा झाली. त्या गोंगाटात अक्काला ती ऐकू आली नाही. माणसं शेतात होती. माझं बोट बटणावर होतं. एकदा दाबलं की सगळी आत आली असती.

मी दाबलं नाही. विसरलो नाही, गोंधळलो नाही — बघत बसलो. हे संपलं तर उद्यापासून चार वाजता मी मोकळा, एवढंच मनात होतं. कोठार पेटलं. चहावाली गेली, शिपाई गेला. आई शेताच्या बांधापर्यंत आली होती. मग पडदा काळा झाला.

"काय म्हणतीया वाडी?"

"पेरणी चालू आहे," मी म्हणालो.

तुम्ही म्हणाल, खेळच तो. आणि आंधळ्या बाईला तरी कसं सांगायचं? मीही स्वतःला हेच सांगत आलो. पण त्या काळ्या पडद्यावर खाली एक ओळ होती — मागच्या जागेपासून पुन्हा सुरू करा. एक बटण. दाबलं असतं तर कोठार परत आलं असतं, आई परत आली असती, घंटा अजून व्हायची राहिली असती. मी ती ओळ वाचली. आणि झाकण लावलं.

पुढचे सात महिने नवी वाडी मी तोंडानं चालवली. सुगी झाली, शिपायाच्या पोरीचं लग्न झालं, गाय व्याली. बंद लॅपटॉपवर पुस्तक उघडं ठेवून मी वाचत असे आणि दोन पानांच्या मध्ये राज्याची खबर देत असे. खबरी लहान होत गेल्या. नंतर नुसतं "सगळं ठीक आहे." तिचे प्रश्नही कमी होत गेले. मला त्याचं बरं वाटलं. हेही लिहायला हवं.

शेवटच्या महिन्यातली एक दुपार. बाहेर मॅच नव्हती, पंखाही बंद होता. अक्का माझ्याकडे तोंड करून पडली होती. मी पुस्तकाची पानं उलटत होतो. मग अगदी सहज म्हणाली, "मोठ्यानं वाच की. मी बी ऐकतो."

पानांचा आवाज तिला कधीपासून येत होता? रागावली नव्हती ती. कॉटवर कोणाला बसायला जागा करून द्यावी, तसं बोलली होती. आयुष्यभर मी लोकांच्या हातात पुस्तकं दिली. त्या दुपारी एक पान मोठ्यानं वाचायचं होतं.

"काय वाचू?" मी म्हणालो. "वाडीतच आहे मी. घंटा झालीय, वेस लावतोय."



"माणसं आली का आत?"

"आली."

"समदी?"

"सगळी."

"मग लाव," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

मी जरा थांबलो. मग पान उलटलं — फार सावकाश, आवाज होऊ नये म्हणून.