क्वायरचा कॅमेरा

अंधेरीतल्या एका गावठाणातल्या व्हॅलेन्सियाला देवानं गळा दिला आणि चर्चच्या पॅरिशनं कॅमेरा. आता भांडायचं कोणाशी?

त्याचं असं झालं. दोन नाताळांपूर्वी तिचा घसा बसला. गाता येईना, म्हणून क्वायरच्या सरावाला नुसतीच बसली आणि हातचाळा म्हणून मोबाईलवर शूटिंग केलं. गिटारवाल्या ग्लेनरॉयची तार तुटली, बायका हसून हसून बेजार झाल्या, असलं सगळं. चर्चच्या पेजवर ते टाकलं आणि लोकांना वेड लागलं. कुवेतच्या मावश्यासुद्धा बघायला लागल्या. फादर खूष, त्यांनी चर्चचा कॅमेराच तिच्या हातात ठेवला. झालं, बाई अडकल्या. घसा आठवड्यात सुटला, कॅमेरा काही सुटला नाही.

"गायला बायका ढीगभर आहेत गो," क्वायरमास्तर ॲम्ब्रोज अंकल म्हणायचे, "पडद्यामागचे व्हिडिओ तुझ्याशिवाय कोण काढणार?" केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

यंदा मात्र तिनं मनाशी पक्कं केलं होतं, ईस्टरचा आलेलुया, तो देवाचा जयजयकार, क्वायरच्या ओळीत उभं राहून गायचा. अंकलही 'बघू' म्हणाले होते.

आता, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात देवळात आलेलुया उच्चारतसुद्धा नाहीत. तो थेट ईस्टरला. पण सराव केल्याशिवाय ईस्टरला काय डोंबल गाणार? म्हणून क्वायर हॉलची दारंखिडक्या लावून तो गुपचूप घोटते. सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कोणी नाही. व्हॅलेन्सियानं नेमका तोच तुकडा पेजवर टाकला. क्लिनिकमधली ड्युटी करून दमली होती, लक्षात राहिलं नाही. सकाळी गावठाणातल्या म्हाताऱ्या बायका तक्रार घेऊन फादरांच्या दारात हजर.

वाट लागली होती खरी. पण आतून तिला हायसंच वाटलं. आता कॅमेरा नक्की काढून घेतील.

"चुकलं अंकल," ती म्हणाली. "हे काम दुसऱ्या कोणाला तरी द्या. मी गाते."

"वा गो वा. घाण तू करणार, निस्तरणार आम्ही? ईस्टरची मिस्सा तूच शूट करायची. मगच लोक हे विसरतील."

"गाऊ दे ना तिला," ग्लेनरॉय पुटपुटला. अंकलनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ईस्टरच्या सकाळी मिस्सेची प्रार्थना चालू असताना क्वायरसमोर हातभर अंतरावर ती कॅमेरा घेऊन उभी होती. आलेलुया सुरू झाला आणि तिला राहवलं नाही. गायली. चोरून नाही, पोटातून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात तिनं हलू दिला नाही. तेवढा वेळ पोरगी सुखात होती.

दुपारी ताटावर बसली तोच अंकलचा फोन. "तू पाठवलेला व्हिडिओ बघितला. सगळीकडे तूच ऐकू येतेस गो. माईकला तू जवळ, क्वायर गेली कुठच्या कुठे. तुझा आवाज पुसून टाक, मगच पेजवर चढव."

"आवाज चांगला नाही आला का?"

"चांगला आलाय. म्हणूनच सांगतो. बायका रुसतील."

"आधी जेव तरी," आई, ज्युलिया, म्हणाली. पण व्हॅलेन्सिया ताट सारून कॉम्प्युटरपुढे बसली आणि एकेक ओळ ऐकत स्वतःचा आवाज पुसायला लागली. दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय नव्हती. ते काम येणारी अख्ख्या पॅरिशमध्ये ती एकटीच होती.