वेलकम होम, मास्टर

तुम्ही चहा घ्या, मी सांगतो. लग्नाच्या खटपटीत मी आजवर बरीच माती खाल्ली, पण परळच्या त्या रविवारी जेवढी खाल्ली तेवढी कधीच नाही. आणि त्या दिवशी जो घाबरलो ना, तसा बारावीच्या निकालालाही घाबरलो नव्हतो.

स्थळ दादरचं होतं. मुलीचं नाव जुई तळपदे. फिजिओथेरपिस्ट, फोटोत छान हसणारी. आई तीन वर्षांपूर्वी गेलेली, त्यामुळे सगळं वडील बघत होते. हे तळपदे काका सत्र न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. म्हणजे ज्यांनी उभा जन्म न्यायाधीशांच्या पुढ्यात बसून लोकांना शपथेवर खोटं बोलताना ऐकलं, असा माणूस. त्यांचा मला फोन आला.

"घरी पोहे वगैरे नकोत असं जुई म्हणते. परळला एक जपानी मेड कॅफे आहे, तिथे भेटू. तुम्हाला ठाऊक आहे का?"

आता मी ठाकूरद्वारला वाढलेला, विमा कंपनीत नोकरीला. बाहेर खायचं म्हणजे मिसळ, फार तर पिझ्झा. पण मुलगी स्वतः जागा सुचवते, तीही जपानी, तर आपणही जरा पुढारलेले दिसायला नको का? मी म्हटलं, "ठाऊक म्हणजे काय काका, माझं नेहमीचंच ठिकाण आहे."

काकांनी माझाच शब्द उलटून विचारला.

"नेहमीचं?"

"महिन्यातून दोनदा तरी होतंच."

"बरं," ते म्हणाले. "रविवारी चार वाजता."

मला वाटलं, छाप पडली. आणि मेड कॅफे म्हणजे काय, हे शोधून बघायची तसदीसुद्धा मी घेतली नाही. मेड इन इंडिया असतं, तसं हे मेड इन जपान असणार, एवढाच माझा हिशेब. कागदी कंदील, हिरवा चहा आणि काड्यांनी खायचा भात. काड्यांची तेवढी धास्ती होती, म्हणून शनिवारी घरी दोन पेन्सिलींनी शेंगदाणे उचलायचा सराव केला. अकरा उचलले, उरलेले पलंगाखाली गेले.

रविवारी चारला गिरणीच्या जुन्या आवारात, नव्या इमारतीखाली दोघं भेटले. काका उंच, पांढरा हाफ शर्ट, खिशाला पेन. जुई माझ्याकडे फार कुतूहलाने बघत होती. मला वाटलं, आवडलो.

"तुम्ही पुढे व्हा," काका म्हणाले. "तुम्हाला वाट माहीत."

मी ताठ मानेने पहिल्या मजल्यावर गेलो आणि डावीकडचं दार ढकललं. आत दहाबारा बायका पाय वर करून योगासनं करत होत्या.

"पलीकडचं ना?" जुई मागून हळूच म्हणाली.

"हो. दार बदललंय वाटतं त्यांनी."

पलीकडचं दार उघडलं आणि छोटी घंटा वाजली. समोर तीन मुली उभ्या. काळे झालरीचे फ्रॉक, वर पांढरे एप्रन, गुडघ्यापर्यंत मोजे आणि डोक्यावर मांजरीचे कान. तिघी कमरेत वाकल्या, एका सुरात काहीतरी जपानी म्हणाल्या आणि मग आम्हाला कळेल अशा भाषेत म्हणाल्या, "वेलकम होम, मास्टर."

मेड म्हणजे ती मेड होती. मोलकरणीवाली.

होम काय, मास्टर काय, आणि मी तर तोंडाने सांगून बसलो होतो की महिन्यातून दोनदा येतो. पळावं तर दारात काका उभे. ही जागा सभ्य आहे की असभ्य, तेही मला कळेना, कारण मान वर करून बघायची हिंमतच नव्हती. मी जवळच्या टेबलाची कड धरून बसलो. काका माझ्या शेजारी बसले, जुई समोर.

काकांनी चष्मा पुसला.

"वेलकम होम म्हणाल्या."

"हो. पद्धत आहे ती त्यांची."

"तुम्हाला पद्धत माहीत आहे."

हा प्रश्न नव्हता, नोंद होती. बघा ना माझी अवस्था. नेहमी येतो म्हणावं, तर मांजरीचे कान लावलेल्या पोरींकडून मास्टर म्हणवून घेणारा माणूस ठरतो. पहिल्यांदा आलोय म्हणावं, तर फोनवर धडधडीत खोटं बोलणारा ठरतो. आणि आमचं पाठारे प्रभूंचं गणगोत ते केवढंसं. सोमवारी सकाळी आंघोळीच्या आत ठाकूरद्वारपासून दादरपर्यंत सगळ्यांना कळणार. मला तर पुढचं सगळं दिसायला लागलं. साखरपुड्याच्या पंगतीत बायका मला बघून मुलींना आत नेतायत.

त्या तिघींतली एक टेबलाशी येऊन गुडघ्यावर बसली. छातीवर 'युकी' असा बिल्ला. मेन्यू उघडायची मला भीती वाटली. कोण जाणे आत काय असेल. मी म्हटलं, "नेहमीचंच आणा."

युकी गोंधळली. तिने माझ्या खांद्यावरून काकांकडे पाहिलं. मग म्हणाली, "समजलं," आणि गेली. मी मनात देवाचे आभार मानले. पोरगी हुशार निघाली, सांभाळून घेतलं.

थोड्या वेळाने भातावर पसरलेलं मोठं पिवळंधमक ऑम्लेट आलं. त्यावर केचपने काढलेलं मांजर.

"आता जादू करायची," युकी म्हणाली. "मंत्र म्हटल्याशिवाय चव येत नाही."

काकांनी माझ्याकडे हात केला. "म्हणा. तुम्हाला पाठ असेल."

जुईने ओठ घट्ट मिटून घेतले होते. मला वाटलं, बिचारी रडू आवरतेय. कसला मंत्र, कुठला मंत्र? माझ्या डोक्यात नुसती वाफ. पण काहीतरी म्हणणं भाग होतं. मी हात जोडले, डोळे मिटले, आणि भीतीने तोंडातून बाहेर पडला तो शाळेत डबा उघडण्याआधी म्हणायचो तो श्लोक. अख्खा. मोठ्याने. शेवट झाला तसं आत स्वयंपाकघरातून आचाऱ्याचा आवाज आला, "जय जय रघुवीर समर्थ."

डोळे उघडले तर युकीनेही हात जोडलेले. ती माझ्या जवळ वाकून समजुतीच्या सुरात म्हणाली, "दादा, पहिल्यांदाच आलात ना?"

तो 'दादा' ऐकला आणि माझा बांधच फुटला. मी सगळं ओकलो. फोनवरची फुशारकी, मेड इन जपान, पेन्सिली, शेंगदाणे, पलंगाखाली गेलेले सुद्धा. काकांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी बाह्या जरा वर केल्या, दोन्ही हातांच्या बोटांचा बदाम करून छातीशी धरला, तो डावीकडे नेला, उजवीकडे नेला, आणि कोर्टात खटल्याचा पुकारा व्हावा तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "मोए मोए क्युन."

जुईने आणि युकीने तो मंत्र त्यांच्यासोबत म्हटला. न चुकता.

"काका मास्टर, चमचा देते," युकी म्हणाली. "तुमचं नेहमीचं ऑम्लेट थंड होईल."

मी मूर्खासारखा तिघांकडे बघत राहिलो. ते वेलकम होम माझ्यासाठी नव्हतंच. माझ्या मागे उभ्या असलेल्या काकांसाठी होतं.

"आई गेल्यावर बाबा घराबाहेरच पडत नव्हते," जुई म्हणाली. "बाहेरून आलं की 'आलात का' म्हणणारं कोणी नाही, असं म्हणायचे. एकदा मैत्रिणीच्या वाढदिवसाला मी त्यांना इथे ओढून आणलं. दारात या मुलींनी वेलकम होम म्हटलं आणि बाबा तिथेच चष्मा काढून पुसायला लागले. तेव्हापासून दर रविवारी येतो."

काकांनी ऑम्लेटचे तीन भाग केले आणि पहिला माझ्या बशीत वाढला.

"तुम्ही फोनवर नेहमीचं ठिकाण म्हणालात ना, तेव्हा मला फार बरं वाटलं," ते म्हणाले. "म्हटलं, आपल्याला समजून घेणारा जावई मिळाला. मग म्हटलं, दर रविवारी आम्ही इथे, आणि हा मुलगा एकदाही दिसला कसा नाही?"

"काका, माझं चुकलं."

"चुकलं ते ठीक आहे हो. पण मी आयुष्यभर साक्षीदार ऐकले. इतका कच्चा साक्षीदार नाही पाहिला."

मी जुईकडे बघितलं. शेवटची आशा. ती जरा वाईट वाटून म्हणाली, "तुम्ही पेन्सिली आणि शेंगदाण्यांचं फोनवरच सांगितलं असतंत ना, तर मी त्याच दिवशी हो म्हटलं असतं."

एवढं बोलून तिने आपला घास घेतला. निकाल लागला होता.

खाणं झाल्यावर दोघं माझा नीट निरोप घेऊन गेले. काकांनी खांद्यावर हातही ठेवला. मी तसाच बसून राहिलो. तेवढ्यात आईचा फोन.

"काय रे, कसं झालं? एवढा वेळ? आणि हा कसला आवाज येतोय?"

दारात नवीन गिऱ्हाईक आलं होतं आणि तिघी पुन्हा एका सुरात सुरू झाल्या होत्या. मी ठरवलं, बास. जे व्हायचं ते होऊ दे, आता एक शब्द खोटा बोलायचा नाही.

"आई," मी म्हटलं, "मी परळला आहे. इथे तीन मुली मांजरीचे कान लावून लोकांना मास्टर म्हणतायत. मी ऑम्लेटसमोर हात जोडून श्लोक म्हटला आणि आतून आचाऱ्याने साथ दिली."

आई अगदी मायेने म्हणाली, "नकार आला असेल तर तसं सांग ना बाळा. खोटं कशाला बोलतोस?"